रेवणसिद्धांची जाड निब

रेवणसिद्ध यांची व माझी ओळख एका पाटीमुळे झाली. सन १९३७ साली सोलापुरात शुक्रवार पेठेतील एका देवळाच्या ओवरीत प्रौढांसाठी वर्ग सुरू झाला. शिकणारे पुष्कळ व पाट्या थोड्या, म्हणून मास्तरांनी दोघांत एक पाटी दिली आणि माझ्या वाट्यास रेवणसिद्ध आले. पाटीच्या डाव्या अंगास मी लिहावे व उजव्या अंगास त्यांनी, असे ठरले होते. परंतु त्यांनी काढलेला पहिलाच ‘म’ एवढा थोर झाला की त्याची गाठ माझ्या हद्दीत आली.

“बाळासो, तुमचा ‘क’ माज्या ‘म’च्या पोटात घाला की,” ते म्हणाले. “ऊब लागंल त्येला.”

त्या वेळी आम्हा दोघांचीही पन्नाशी उलटली होती. मी मूळचा कुंभारी गावचा, गिरणीत कापडाच्या घड्या घालण्याच्या खात्यात काम करणारा. रेवणसिद्ध त्याच गिरणीच्या फाटकावर पहारेकरी होते. त्यामुळे मी त्यांना वर्षानुवर्षे रोज पाहत होतो. परंतु पाहणे ही ओळख नव्हे, असे माझे मत आहे.

ते जातीने धनगर. मोडनिंबच्या पश्चिमेस माळावर त्यांची वस्ती आहे. लागोपाठ पाऊस न झाल्याने कळप रोडावला, तेव्हा थोरले बंधू येडू यांनी उरलेली मेंढरे सांभाळावी व धाकट्याने सोलापुरात नोकरी धरावी, असे घरात ठरले. फाटकावर पहारेकऱ्याचा खाकी सदरा अंगात असला तरी खांद्यावरचे घोंगडे त्यांनी कधी सोडले नाही. काठीवर भार देऊन, एक पाय दुसऱ्या पायाच्या गुडघ्याला टेकवून, ते मेंढक्यासारखे तासन्‌तास उभे राहत. भोंगा होताच कामगारांचा लोंढा आत शिरे. त्यात आज कोण आला नाही हे त्यांना नुसत्या नजरेने कळे.

त्यांची पत्नी मायाक्का वस्तीवरच राहत असत. त्यांना मूलबाळ नव्हते. मेंढरे मायाक्कांच्या हाकेला जेवढी वळत तेवढी दुसऱ्या कोणाच्याही हाकेला वळत नसत, म्हणून त्यांना सोलापुरास आणणे घरास परवडणारे नव्हते. वर्षातून एकदा गावच्या बिरोबाच्या जत्रेस रेवणसिद्ध रजा घेऊन जात. बाकी वर्षभर नवरा फाटकावर व बायको माळावर, अशी त्यांची राहणी होती.

वर्गात सर्व मुळाक्षरे झाल्यावर आलेल्या जत्रेत रेवणसिद्ध यांनी एक गोष्ट केली. दिवसा मेंढरे चरत असता त्यांनी काठीच्या टोकाने मातीत अक्षरे काढून मायाक्कांना शिकविली. अक्षर हातभर लांब असे. मायाक्का काठीवर रेलून, उभ्यानेच, खाली पाहून ते वाचीत. जत्रेची रजा संपताना रेवणसिद्ध यांनी त्यांच्यासाठी बाराखडीचे पुस्तक ठेवले. परंतु पुस्तकातील अक्षर लहान व मातीतील मोठे. मायाक्कांना मातीतीलच ओळखीचे झाले होते.

सोलापुरास परत आल्यावर रेवणसिद्ध यांनी आपल्या हाताने पहिले पत्र लिहिले. आमचे मास्तर गंगाधरपंत हे दिवसा कचेरीत कारकुनी करीत व सायंकाळी आम्हांस शिकवीत. माणूस सज्जन, परंतु पत्राच्या रीतीबाबत कडक. पत्र थोरल्या बंधूंच्या नावाने जावे, सर्वांस क्रमाने नमस्कार व आशीर्वाद लिहावेत आणि पत्नीस जे सांगणे असेल ते शेवटी एका ओळीत यावे, अशी त्यांनी शिकवण दिली. रेवणसिद्ध यांनी ती पाळली. मास्तरांच्या बारीक निबेच्या टाकाने, दात आवळून, त्यांनी ते पत्र पुरे केले. शेवटची ओळ मायाक्कांसाठी होती : तुझ्या हातचे हुलग्याचे माडगे आठवते.

पुढे पंधरवड्याने लोकरीचे व्यापारी निंगप्पा सोलापुरात आले व फाटकावर थांबून त्यांनी वस्तीवरचा निरोप सांगितला. मी त्या वेळी तेथेच होतो.

निंगप्पांनी सांगितले ते असे. पत्र आले ते मायाक्कांनी हाती घेतले, पालथे केले, उलटे केले. पण अक्षर लागेना. तेव्हा येडूंनी मोडनिंबच्या शाळेच्या मास्तरांस बोलावून सर्व वस्तीसमोर ते वाचविले. माडग्याची ओळ आली तेव्हा थोरल्या जाऊ राजाबाई म्हणाल्या, “अगं बया! भावजींना शहरात माडगं मिळंना व्हय? का माडगं करनारी मिळंना?” वस्ती हसली. मायाक्का उठून मेंढरांमागे गेल्या त्या अंधार पडेपर्यंत परतल्या नाहीत.

“आनि तिचा निरोप काय?” रेवणसिद्ध यांनी विचारले.

“ती म्हनली, अक्षरं मुंग्यांवानी हायत. माजं पत्र मला सोडून समद्यांनी वाचलं.”

निंगप्पा निघून गेले. त्या दिवशी उशिरा आलेल्या एका कामगाराला रेवणसिद्ध यांनी हटकलेसुद्धा नाही, यावरून मला त्यांच्या मनाची स्थिती समजली. वर्ग सुटल्यावर ते मला म्हणाले, “बाळासो, मला जाड लिवायचं हाय. तिला उभ्यानं दिसंल एवढं जाड. तुमी चला माज्यासंगं.”

शुक्रवार पेठेत नारायणराव यांचे कागद, शाई व पेनांचे दुकान होते. रविवारी सकाळी आम्ही तेथे गेलो. फाउंटन पेन हवे, असे रेवणसिद्ध म्हणताच नारायणरावांनी एकदा घोंगड्याकडे व एकदा काठीकडे पाहिले.

“खिशाला लावायला हवं का?” त्यांनी विचारले. “तसं असेल तर नुसतं टोपणही देतो. लांबून कुणाला कळत नाही.”

“खिसाच न्हाय मला. लिवायला पायजे.”

नारायणराव हसले व त्यांनी पेटी उघडली. प्रथम त्यांनी बारीक निब दाखविली. “ही घ्या. हिचं अक्षर म्हणजे मोती.”

“मोती काय करू, मालक? ज्वारीचा दाना दिसला पायजे.”

मग मध्यम निब निघाली. रेवणसिद्ध यांनी तिने कागदावर एक नाव लिहिले आणि जे केले ते पाहून रस्त्यावरची माणसे थांबली. त्यांनी तो कागद दुकानाच्या पायरीखाली जमिनीवर ठेवला, उडू नये म्हणून त्यावर खडा ठेवला व स्वतः काठीवर रेलून, एक पाय गुडघ्याला लावून उभे राहिले आणि खाली पाहू लागले.

“अहो, हे काय?” नारायणराव म्हणाले. “पत्र हातात धरून वाचतात. जमिनीवर ठेवून उभ्यानं कोण वाचतं?”

“वाचनारं वाचतंय,” रेवणसिद्ध म्हणाले. “ह्यातनं न्हाय लागत. आनखी जाड काडा.”

नारायणरावांनी पेटीच्या तळातून एक निब काढली. तिचे टोक टोकदार नसून पात्यासारखे सपाट होते. “ही फार दिवस पडून आहे. साहेबलोक सहीपुरती घेतात. पत्र लिहायला बसलात तर दोन ओळींत पेन रिकामं होईल. पुन्हा माझ्याकडे तक्रार घेऊन यायचं नाही.”

रेवणसिद्ध यांनी तिने तेच नाव पुन्हा लिहिले. उभ्या रेघा जाड उमटल्या, आडव्या बारीक. ‘म’ची गाठ अर्ध्या ओळीएवढी झाली. कागद पुन्हा जमिनीवर गेला. ते उभे राहिले, एक पाऊल मागे सरले, आणि त्यांच्या तोंडावर जे दिसले ते मी त्यापूर्वी फाटकावर कधी पाहिले नव्हते. मातीत काठीने काढलेले अक्षरच जणू त्या कागदावर बसले होते.

नारायणरावांनी मान वाकडी करून वाचले. “मायाक्का. कोण ही?”

आमच्याकडे नवरा बायकोचे नाव चारचौघांत घेत नाही. रेवणसिद्ध यांनी घाईने कागद उचलला, घडी घालून पटक्यात खोचला व म्हणाले, “आमच्या कळपातली म्होरकी हाय.”

“मेंढीला पत्र लिहिता?”

“तिला वाचाया येतंय,” रेवणसिद्ध म्हणाले, आणि पेन घेऊन आम्ही निघालो.

दुसऱ्या सायंकाळी वर्गात त्यांनी कार्ड लिहिले. गंगाधरपंत म्हणाले की पत्त्यावर नाव थोरल्या बंधूंचेच घातले पाहिजे. नाहीतर टपालवाला कार्ड बाईच्या हाती देणार नाही व घरात वाद होईल. रेवणसिद्ध यांनी ते मान्य केले व पत्ता मास्तरांनाच आपल्या बारीक अक्षरात लिहावयास लावला. परंतु कार्डाची दुसरी बाजू सर्वस्वी मायाक्कांची होती. वर ‘श्री’, खाली मायाक्का हे नाव, त्याखाली : हे माझे अक्षर आहे. जाड निब घेतली. तुला लागते का. एवढ्याने कार्ड जवळजवळ भरले. आणखी एकच ओळ मावत होती. ती लिहिताना त्यांनी डावा तळहात आडवा धरला. मी तिकडे पाहिले नाही.

त्यानंतरच्या दिवशी वर्ग नव्हता. पुढच्या वर्गात रेवणसिद्ध आनंदाने सांगत होते की कार्ड पेटीत टाकण्यास जाताना शाई किती उरली हे पाहण्यासाठी पेन उघडले, तो शाईचा मोठा थेंब कार्डाच्या कोपऱ्यावर पडला. टीपकागद जवळ नव्हता. थेंब ओला होता; वाटेत तो पसरून तिच्या नावावर गेला असता.

“मग काय केलंत?” मास्तरांनी विचारले.

“काय करायचं? मेंढराच्या कानाला खूण करतो तसा कोपरा काडून टाकला. नीट काडला. दिसायला बी ब्येस दिसतंय.”

गंगाधरपंतांच्या हातातील खडू खाली पडला. “रेवणसिद्ध, कार्डाचा कोपरा फाडलात? अहो, कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे घरातलं कोणी गेल्याचं कार्ड! ते कोणी घरातसुद्धा घेत नाही.”

येथे हे सांगणे आवश्यक आहे की रेवणसिद्ध यांचे आयुष्य माळावर गेले. पहिल्या पत्रापूर्वी त्यांनी टपालाचे कार्ड हाती धरलेले नव्हते. मेंढीचा कोपरा काढलेला कान म्हणजे ‘ही आपली आहे’, एवढाच अर्थ त्यांना ठाऊक होता.

“तार करा की,” आमच्यातील ज्ञानबा म्हणाले.

“तार?” मास्तर म्हणाले. “कार्डामागून दारात तार आली, तर उरलीसुरली शंकाही जाईल. तार कोण उघडून बघतंय? आधी रडतील.”

रेवणसिद्ध उठले. त्यांनी काठी घेतली. ते फक्त एवढेच म्हणाले, “तिच्या बांगड्या.”

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने आम्ही दोघे निघालो. त्यांना एकट्याने सोडणे मला योग्य वाटले नाही. कुर्डूवाडीस मोठी गाडी सोडून लहान गाडीत बसलो. त्या लहान गाडीचा वेग असा की शेळीही तिच्याबरोबर चालावी. रेवणसिद्ध खिडकीत बसून होते.

“हिरव्या हायत,” मध्येच ते म्हणाले. “जत्रत घेतल्या हुत्या. तिला मोठ्या व्हत्या, पर तिनंच घेतल्या. म्हनली, हात जाड झाला तरी बांगडी फोडाया नगं.”

मी म्हणालो की कार्ड अद्याप पोहोचलेही नसेल. परंतु आम्हा दोघांनाही ठाऊक होते की ते पोहोचले असणार.

मोडनिंबहून वस्तीपर्यंत आम्ही चालत गेलो. काटेरी कुंपण दिसू लागताच रेवणसिद्ध थांबले. रडण्याचा आवाज येतो का, हे ते ऐकत होते. मेंढरांच्या घंटा ऐकू येत होत्या. दुसरे काही नाही.

कुंपणाच्या तोंडाशी राजाबाई शेण उचलीत होत्या. त्यांनी मान वर केली, रेवणसिद्ध यांना पाहिले व कमरेवर हात ठेवून ओरडल्या, “आलं बगा मढं! पायानं चालत आलं! अगं मायाक्का, भाईर ये गं, तुजं मढं आलंय, संगं पावना बी आनलाय!”

मग त्यांनीच सर्व सांगितले. आदल्या दिवशी टपालवाला आला. त्याने कार्ड कोणाच्या हाती न देता कुंपणाजवळच्या दगडावर ठेवले, वर खडा ठेवला आणि खाली पाहत निघून गेला. येडूंनी पाहिले : कोपरा फाटलेला, पत्ता परक्या हाताचा. त्यांनी डोक्याचा पटका काढला. बायकांनी हंबरडा फोडला.

“मीच दगड उचलला बगा,” राजाबाई म्हणाल्या. “बांगड्या फोडाया. थोरली मी, मलाच करायचं की ते. तर ही भवानी दोनी हात पदरात घालून मागं सरली. म्हनली, जाऊबाई, आदी मला वाचू द्या. मग काय फोडायचं ते फोडा.”

“कोनी वाचू दिलं तिला?” रेवणसिद्ध यांनी विचारले.

“कोन देतंय? कार्डाला शिवू नगं म्हनून समदी वरडत हुती. तिनं काठीनंच दगडावरनं खाली पाडलं. मातीत पडलं, त्ये बी लिवलेली बाजू वर. आनि ऱ्हायली की हुबी, काठीवर रेलून. आमी रडतोय, आनि ही वाचतीया!”

मायाक्कांनी प्रथम आपले नाव पाहिले. मग त्या ‘म’कडे पाहिले. त्याची गाठ पोटाबाहेर आलेली होती. तेवढ्यावरूनच त्या म्हणाल्या, “हे त्येंच्या हातचं हाय. मेल्या मानसाचा हात चालतो व्हय?” मग काठीचे टोक एकेका अक्षराजवळ नेत त्यांनी मोठ्याने वाचले : हे माझे अक्षर आहे. जाड निब घेतली. तुला लागते का.

“तुमच्या दादांनी पटका परत बांदला,” राजाबाई म्हणाल्या. “आनि मला म्हनले, टाक तो दगड. निब म्हंजी काय असतंय वो भावजी? आमाला वाटलं दुसरी बायकू केली का काय!”

“आनि म्होरची वळ?” रेवणसिद्ध यांनी खाली पाहत विचारले. “ती बी वाचली?”

“कुटं वाचली! तितं आली आनि गप झाली. वाकून कार्ड उचललं, झटकलं, पदरात बांदलं. मी म्हनलं, पुडचं काय हाय गं? तर म्हनती, पुडचं माजं हाय.”

तेवढ्यात मायाक्का झोपडीतून बाहेर आल्या. बाई उंच, वाळलेल्या, कपाळावर कुंकू मोठे. दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या होत्या. त्यांनी पदर सावरला, मला नमस्कार केला व आपल्या नवऱ्याकडे न पाहता मेंढरांकडे पाहत उभ्या राहिल्या. रेवणसिद्धही मेंढरांकडेच पाहत होते.

“लागलं का?” ते म्हणाले.

“लागलं की.”

मग मायाक्का म्हणाल्या, “मेंढराचा कान कापत्यात तसा कार्डाचा कान कापलासा. आपलंच हाय, हे मला कळलं. पर समद्यांना कसं कळावं?”

दुकानात नाव विचारले तेव्हा काय घडले, हे मी राजाबाईंना सांगण्याची चूक केली. तेव्हा मायाक्कांनी प्रथमच नवऱ्याकडे सरळ पाहिले. “मला मेंढी म्हनलासा व्हय?”

“म्होरकी म्हनलो,” रेवणसिद्ध म्हणाले.

त्या दिवशी आम्हांस जेवणात हुलग्याचे माडगे होते. त्याबद्दल कोणी एक शब्द बोलले नाही, राजाबाईसुद्धा नाहीत. फक्त वाढताना त्यांनी रेवणसिद्ध यांची वाटी काठोकाठ भरली.

त्यानंतर दर महिन्यास एक कार्ड वस्तीवर जाऊ लागले. जाड निबेमुळे त्यात चारच ओळी मावत, त्यामुळे रेवणसिद्ध काय लिहावे याचा आठवडाभर विचार करीत. फाटकावर उभे असता त्यांचे ओठ हलताना दिसले म्हणजे कार्ड तयार होत आहे, हे मला समजे. गंगाधरपंतांनी त्यांच्यासाठी टीपकागद आणून ठेवला. उत्तरे काही दिवस निंगप्पांच्या तोंडी येत. पुढे एकदा त्यांच्याच हाती कोळशाने लिहिलेला कागद आला. त्यात एकच शब्द होता : लागले. तो कागद रेवणसिद्ध यांनी पटक्यात ठेवला, आणि मला वाटते, अजूनही तो तेथेच असेल.

गेल्या उन्हाळ्यात ते तापाने आजारी पडले. गिरणीजवळच्या त्यांच्या खोलीत मी दुपारी जाऊन बसत असे. मायाक्कांना कळवू का, असे मी विचारी व ते मान हलवून नकार देत. त्या दिवसांत मेंढ्या व्यालेल्या होत्या. पुढे ताप उतरला. ते आज फाटकावर पूर्वीसारखेच एका पायावर उभे असतात. परंतु ताप चढलेला असता एका दुपारी त्यांनी उशाखालचे पेन काढून माझ्या हाती दिले व एक गोष्ट सांगितली. मी ती विसरलेलो नाही व विसरणार नाही.

“बाळासो, माजं काय झालंच तर कार्ड तुमी लिवा. ह्याच पेनानं लिवा. वरती तिचं नाव घाला. आनि कोपरा फाडू नगा. तिचं तिला वाचू द्या.”